तीन कामगार आणि एक दुर्मिळ कर्करोग: व्हायनिल क्लोराइडचा धोका कसा उघडकीस आला

पीव्हीसी बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांत सगळ्यांत कष्टाचे काम टाकी खरवडण्याचे असे. व्हायनिल क्लोराइड हा वायू दाबाखाली द्रवरूप करून पाण्याबरोबर एका मोठ्या पोलादी टाकीत, म्हणजे रिॲक्टरमध्ये, घुसळला जातो आणि काही तासांनी त्याची पांढरी पावडर तयार होते. हेच पीव्हीसी. पावडर काढून घेतली तरी टाकीच्या भिंतींना आणि घुसळणाऱ्या पात्यांना टणक खपली चिकटून राहते, आणि ती काढल्याशिवाय पुढचा घाणा चांगला निघत नाही. त्यासाठी एक माणूस वरच्या तोंडातून टाकीत उतरायचा आणि हातोडी-छिन्नीने ती खपली पाडायचा. व्हायनिल क्लोराइड हवेच्या दुपटीहून जड असल्यामुळे उरलेला वायू टाकीच्या तळाशी, नेमका त्या माणसाच्या अंगाभोवती, साचून राहायचा; शिवाय खपलीचा प्रत्येक गठ्ठा फुटला की त्यात अडकलेला वायू तोंडावर यायचा. थोड्या वेळात डोके हलके होई आणि दारू चढल्यासारखे पाय लटपटू लागत. मग त्याला बाहेर काढायचे, मोकळ्या हवेत बसवायचे आणि बरे वाटले की पुन्हा आत पाठवायचे, असा क्रम असे.

या वायूला किंचित गोडसर वास येतो, पण तो जाणवेपर्यंत हवेतले त्याचे प्रमाण हजारो पीपीएमवर गेलेले असते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तितक्याच उंच दालनात दहा लाख लिटर हवा मावते. त्या सगळ्या हवेत एक लिटर वायू मिसळला तर ते प्रमाण एक पीपीएम होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत कामाच्या जागी ५०० पीपीएम ही मर्यादा मानली जात होती. त्याच दालनाच्या हिशेबात सांगायचे तर दोनशे लिटरची अडीच पिंपे भरतील एवढा वायू हवेत असला, तरी ती हवा सुरक्षित समजली जाई.

ही मर्यादा कशावरून ठरली, हे पाहणे महत्त्वाचे आहे. वायूने चक्कर येते, शुद्ध हरपते, एवढाच त्याचा अपाय तेव्हा ठाऊक होता, आणि ज्या प्रमाणात चक्कर येत नाही ते प्रमाण सुरक्षित, असा सरळ हिशेब होता. ताबडतोब दिसणाऱ्या त्रासावर बेतलेली मर्यादा वीस वर्षांनी दिसणाऱ्या रोगाबद्दल काहीच सांगू शकत नाही, हे आज उघड वाटते. तेव्हा ते कोणी फारसे बोलत नव्हते. शंका घ्यायला जागा मात्र होती. डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेने १९६१ सालीच प्राण्यांच्या यकृतातले बदल नोंदवून मर्यादा ५० पीपीएमवर आणावी असे सुचवले होते. त्याच दशकात टाकी खरवडणाऱ्या काही कामगारांच्या बोटांच्या टोकांची हाडे विरघळत चालल्याचे आढळले. बोटे आखूड, जाड आणि थंडीत पांढरी पडत. एखादा वायू हाडापर्यंत पोचतो, तर शरीरात आणखी कुठे कुठे पोचत असेल, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

उत्तर आले ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरातून. तिथे बी. एफ. गुडरिच कंपनीचा पीव्हीसी कारखाना होता आणि डॉ. जॉन क्रीच हे त्या कारखान्याचे डॉक्टर होते. १९७१ ते १९७३ या काळात कारखान्याच्या पॉलिमर विभागातले तीन कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने दगावल्याचे त्यांच्या लक्षात आले. हा यकृताचा नेहमीचा कर्करोग नव्हे. यकृतातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना आतून जे अस्तर असते, त्या अस्तराच्या पेशींतून तो उद्भवतो. कंपनीने जानेवारी १९७४ मध्ये ही बाब सरकारी यंत्रणेला कळवली आणि काही आठवड्यांत जगभरचे पीव्हीसी कारखाने आपापली जुनी दप्तरे चाळू लागले.

केवळ तीन रुग्णांवरून एवढी खात्री कशी काय पटली? अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा एकवीस कोटींच्या घरात होती आणि संपूर्ण देशात या रोगाचे वर्षाला पंचवीस-तीस रुग्ण आढळत असावेत, असा अंदाज होता. म्हणजे साधारण सत्तर-ऐंशी लाख माणसांमागे वर्षाला एक. या दराने एक हजार कामगारांच्या कारखान्यात असा एक रुग्ण दिसण्यासाठी सरासरी सात-आठ हजार वर्षे वाट पाहावी लागेल. इथे एकाच विभागात तीन वर्षांत तीन रुग्ण दिसले होते. हा योगायोग मानायला कोणीही संख्याशास्त्रज्ञ तयार झाला नसता, आणि खरे तर त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाची गरजही नव्हती.

आता याची दुसरी बाजू पाहू, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली कळीची गोष्ट तीच आहे. समजा, याच वायूने यकृताच्या दुर्मिळ कर्करोगाऐवजी फुप्फुसाचा साधा कर्करोग झाला असता आणि तिथेही तीनच माणसे जास्तीची गेली असती. ज्या कारखान्यात वयामुळे आणि विडी-सिगारेटमुळे तीस जणांना हा रोग होणे अपेक्षित होते, तिथे तेहतीस जणांना झाला असता. कोणाच्या लक्षात आले असते? डॉक्टरांनी केस पेपरवर धूम्रपान लिहिले असते, घरच्यांनी नशिबाला दोष दिला असता आणि टाकी खरवडण्याचे काम चालू राहिले असते. बळी तितकेच, पण एक रोग साक्ष देतो आणि दुसरा गर्दीत मिसळून जातो. व्हायनिल क्लोराइडचा अपराध उघडा पडला तो त्याचे विष सर्वांत जालीम होते म्हणून नव्हे. त्याने मागे सोडलेली खूण दुसऱ्या कोणाची असणे जवळजवळ अशक्य होते म्हणून.

ही खूण प्रयोगशाळेत मात्र आधीच दिसली होती. इटलीतले डॉ. पिएरलुईजी व्हिओला बोटांच्या हाडांचा विकार उंदरांत निर्माण करता येतो का, हे तपासत होते. त्यांनी उंदरांना ३०,००० पीपीएम इतक्या प्रचंड प्रमाणात हा वायू हुंगवला आणि त्यांना हाडांच्या विकाराऐवजी गाठी मिळाल्या. १९७० साली ह्यूस्टन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत त्यांनी ते सांगितले. एवढ्या मात्रेला वास्तवात अर्थ नाही, असे म्हणून हा निष्कर्ष बाजूला सारणे सोपे होते. त्यानंतर बोलोन्याचे प्रा. चेझारे माल्तोनी यांनी युरोपातल्या उत्पादक कंपन्यांच्याच पैशाने मोठा अभ्यास हाती घेतला आणि त्यांना २५० पीपीएमवर, म्हणजे कामगारांसाठी मान्य असलेल्या मर्यादेच्या निम्म्यावर, उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा आढळला. युरोपीय आणि अमेरिकी उत्पादकांनी हे निष्कर्ष परस्परांत गुप्त ठेवण्याचे १९७२ मध्ये ठरवले होते, हे नंतर उघड झालेल्या कंपन्यांच्याच कागदपत्रांवरून दिसते. लुईव्हिलची बातमी आली तेव्हा ती ऐकून सगळेच सारखे चकित झाले असतील, असे म्हणूनच मानता येत नाही.

शरीरात नेमके काय घडते ते आता समजून घेऊ. यकृत हे शरीरातले शुद्धीकरणाचे खाते आहे. रक्तातून परके रसायन आले की यकृतातली विकरे त्याचे रूप बदलून ते लघवीवाटे बाहेर जाईल असे करतात. व्हायनिल क्लोराइडच्या बाबतीत हीच व्यवस्था अंगलट येते, कारण मूळ वायू स्वतः डीएनएला फारसा धक्का लावत नाही, परंतु यकृतातले एक विकर त्याला प्राणवायू जोडते आणि त्यातून क्लोरोएथिलीन ऑक्साइड नावाचा अतिशय उतावळा पदार्थ तयार होतो. तो काही क्षणच टिकतो, पण तेवढ्या वेळात डीएनएच्या अक्षरांना चिकटून तिथे वेडेवाकडे ठिगळ लावतो. पेशी दुभंगताना अशा ठिगळापाशी अक्षर चुकीचे उतरवले जाते. बहुतेक चुका पेशी दुरुस्त करते, काही निसटतात. पेशीच्या बेबंद वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकात अशी चूक राहून गेली तर पुढचा मार्ग मोकळा होतो, आणि या कामगारांच्या गाठींत त्या जनुकातल्या ठरावीक प्रकारच्या चुका प्रत्यक्ष सापडल्या आहेत. त्यातही एक चमत्कारिक भाग आहे. हा उतावळा पदार्थ तयार होतो यकृताच्या मुख्य पेशींत, पण कर्करोग अधिक ठळकपणे उमटतो तो शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. भट्टी एका घरात पेटली आणि आग दुसऱ्या घराला लागली, असा हा प्रकार आहे.

विकरांची कामाची क्षमता मर्यादित असते, ही गोष्टही इथे ध्यानात घ्यावी लागते. वायूचे प्रमाण काहीशे पीपीएमच्या वर गेले की विकरे आधीच पूर्ण वेगाने राबत असतात. जास्तीचा वायू तसाच श्वासावाटे बाहेर पडतो आणि घातक पदार्थ त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे ३०,००० पीपीएमवरचा धोका शंभर पीपीएमवरच्या धोक्याच्या तीनशेपट नसतो. तो त्याहून खूपच कमी पटीत असतो. उलट्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ असा की प्रचंड मात्रेच्या प्रयोगावरून सरळ त्रैराशिक मांडून लहान मात्रेचा धोका काढला, तर तो प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. प्रयोगात जास्तच वायू दिला होता, हा आक्षेप त्यामुळे ऐकायला वाटतो तितका भक्कम नाही.

डीएनएतली पहिली चूक आणि हाताला लागणारी गाठ यांच्यामध्ये बराच काळ जातो. व्हायनिल क्लोराइडच्या बाबतीत तो काळ सरासरी वीस वर्षांहून अधिक भरतो. लुईव्हिलला १९७० च्या दशकात दिसलेले रोग हे आधीच्या दशकांतल्या हवेचे फळ होते. याचा व्यावहारिक परिणाम असा की एखाद्या नव्या कारखान्यात दहा वर्षांत कोणालाच काही झाले नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. आणि हवा आज स्वच्छ केली तरी पुढची वीस-तीस वर्षे जुन्या हवेचे रुग्ण येत राहतात.

तीन रुग्णांनी संशय पक्का केला, पण धोका किती, हे मोजण्यासाठी हजारो कामगारांचा माग काढावा लागतो. त्याची रीत अशी: कारखान्याच्या जुन्या हजेरीपटांवरून अमुक वर्षांत तिथे काम केलेल्या प्रत्येकाचे नाव घ्यायचे, त्यातले कोण कधी आणि कशाने गेले हे मृत्युनोंदींतून शोधायचे, आणि त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांत तेवढ्या काळात जितके मृत्यू अपेक्षित असतात त्यांच्याशी ही संख्या ताडून पाहायची. अपेक्षित शंभर मृत्यूंच्या जागी शंभरच झाले तर निर्देशांक १००. अमेरिकेतल्या ३७ कारखान्यांतील दहा हजारांहून अधिक पुरुष कामगारांचा असा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचा निर्देशांक होता ८३, आणि यकृत व पित्तमार्गाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचा ३५९.

पहिला आकडा वाचून कोणी म्हणेल की पीव्हीसीच्या कारखान्यात काम केल्याने माणूस जास्त जगतो. तसे मुळीच नाही. अंगमेहनतीच्या कामावर मुळात धडधाकट माणूसच घेतला जातो; अंथरुणाला खिळलेले, दीर्घ आजारी, काम न झेपणारे लोक सर्वसामान्य लोकसंख्येत मोजले जातात, हजेरीपटावर येत नाहीत. जो आजारी पडतो तो बहुधा नोकरी सोडून जातो. त्यामुळे कुठल्याही कारखान्यातले कामगार बाहेरच्यांपेक्षा निरोगीच दिसतात आणि एखाद्या रोगाची लहानशी वाढ या देखण्या सरासरीखाली झाकली जाते. आमच्या कामगारांचे मृत्युप्रमाण समाजाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, असे कोणत्याही उद्योगाकडून ऐकले की हा ८३ चा आकडा आठवावा आणि त्याच्या मागे कुठे ३५९ दडलेला आहे का, ते विचारावे.

युरोपात इटली, नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन या चार देशांतल्या सुमारे १२,७०० कामगारांचा असाच अभ्यास झाला. तिथे यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे २.४ पट निघाले आणि ज्याच्या अंगावर आयुष्यभरात जितका अधिक वायू गेला, तितका त्याचा धोका अधिक, ही चढण स्पष्ट दिसली. कारण आणि कार्य यांचा संबंध ठरवताना अशा चढणीला मोठे वजन असते. फुप्फुसाच्या किंवा मेंदूच्या कर्करोगाबद्दल सुरुवातीला शंका होत्या, परंतु मोठ्या अभ्यासांत त्यांना तसा भक्कम आधार मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने व्हायनिल क्लोराइडला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, ते अँजिओसार्कोमा आणि यकृताचा नेहमीचा कर्करोग या दोन्हींसाठी.

हा दुसरा, नेहमीचा कर्करोगच खऱ्या वादाचा विषय ठरतो, कारण तो दारूने होतो, हेपटायटिस-बी या विषाणूनेही होतो. एखादा निवृत्त ऑपरेटर त्या रोगाने गेला की तो पीत होता, एवढ्या शब्दांत प्रकरण मिटवता येते. प्रत्यक्षात इटली आणि तैवानमधल्या अभ्यासांतून असे दिसले की दारू किंवा विषाणू यांच्या जोडीला व्हायनिल क्लोराइड आले तर धोके नुसते बेरजेने वाढत नाहीत, त्याहून अधिक वाढतात. म्हणजे पिणाऱ्या कामगाराला या वायूपासून कमी नव्हे, अधिक जपायला हवे होते.

व्हेनिसजवळच्या पोर्तो मार्गेरा येथील पेट्रोरसायन संकुलात गॅब्रिएले बोर्तोलोत्सो नावाचा एक कामगार होता. आपले सहकारी एकामागून एक का जात आहेत, या प्रश्नाने त्याला घेरले आणि त्याने स्वतःच माजी कामगारांची माहिती गोळा करायला सुरुवात केली: कोण कोणत्या विभागात होता, किती वर्षे होता, कशाने गेला. संख्याशास्त्रज्ञ जे काम संगणकावर करतात, ते त्याने वहीत केले. १९९४ मध्ये त्याने ती माहिती सरकारी वकिलांकडे दिली. पुढच्याच वर्षी सायकलवरून जाताना ट्रकच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांवर खटला १९९८ मध्ये उभा राहिला, २००१ मध्ये सगळे आरोपी सुटले आणि २००४ च्या अपिलात त्यांपैकी काही जण दोषी ठरले. बऱ्याचशा मृत्यूंच्या बाबतीत तोवर खटल्याची मुदतच संपून गेली होती. वीस वर्षांनी उगवणारा रोग आणि मुदतीच्या कायद्याने बांधलेले न्यायालय यांचा मेळ बसणे अवघडच.

अमेरिकेने एप्रिल १९७४ मध्ये मर्यादा ५०० वरून ५० पीपीएमवर आणली आणि एका वर्षाच्या आत आठ तासांच्या सरासरीने १ पीपीएम ही मर्यादा लागू केली. उद्योगाने न्यायालयात आणि वर्तमानपत्रांतही सांगितले की हे तंत्रदृष्ट्या अशक्य आहे, वीस लाखांच्या आसपास रोजगार जातील, ६५ अब्ज डॉलरचे नुकसान होईल. न्यायालयाने मर्यादा कायम ठेवली आणि कारखाने चालूच राहिले. टाक्यांच्या आतल्या भिंतीला खपली धरू न देणारा लेप निघाला, उरलीसुरली खपली बाहेरूनच उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने काढता येऊ लागली, पावडरीत अडकलेला वायू वाफेने हुसकावून पुन्हा वापरात घेतला जाऊ लागला. वाया जाणारा वायू हा पैसाच होता, त्यामुळे खर्चाचा काही भाग भरूनही निघाला. माणसाने टाकीत उतरून हातोडी चालवण्याची जी अटळ गरज सांगितली जात होती, ती अटळ नव्हती.

आपल्या घरातल्या पीव्हीसीच्या नळाबद्दल किंवा शेतातल्या पाइपाबद्दल या माहितीवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पावडर झाली की तो वेगळाच, स्थिर पदार्थ असतो, आणि त्यात शिल्लक राहणारा मूळ वायू अत्यल्प असतो. धोका साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला आहे: जिथे वायू बनतो, साठवला जातो, वाहून नेला जातो आणि त्याची पावडर होते तिथे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ घसरलेल्या मालगाडीत याच वायूचे पाच टँकर होते. महाराष्ट्रातही रत्नागिरीजवळ पीव्हीसीची पावडर तयार होते, त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

आपल्याकडे अडचण येते ती हजेरीपटापाशी. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात झालेल्या दुरुस्तीने धोकादायक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याची आणि त्या कामगाराला पाहू देण्याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि व्यवसायजन्य कर्करोग हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे. परंतु आपल्या रासायनिक पट्ट्यांत टाकी धुण्याची, गाळ काढण्याची, पोती भरण्याची कामे बहुधा ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. तो हेल्पर दोन वर्षे इथे, सहा महिने तिथे असतो, आणि मूळ कारखान्याच्या मस्टरवर त्याचे नाव नसते. ज्याचे नाव पटावर नाही तो कोणत्याही अभ्यासाच्या हिशेबात धरला जात नाही, आणि सर्वांत जास्त वायू ज्याच्या अंगावर गेला तोच नेमका मोजणीतून गळतो. मग उरलेल्यांची सरासरी आणखी देखणी दिसते.

म्हणून ज्यांनी पूर्वी अशा विभागात काम केले आहे, त्यांनी कारखान्याचे नाव, विभाग, वर्षे आणि हाताळलेल्या रसायनांची नावे एका कागदावर लिहून आपल्या वैद्यकीय फाइलीत ठेवावीत, आणि पोटाच्या उजव्या बाजूला दुखणे, वजन उतरणे किंवा कावीळ अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाताना तो कागद न विचारताच पुढे करावा. केस पेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. साठीतल्या माणसाच्या नावापुढे त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला असतो: निवृत्त.